बाळंतिणीची कंबर आणि सुयांची शिबिरं

ॲक्युपंक्चर शिबिरांची पत्रकं आता विदर्भात तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचली आहेत. एसटी स्टँडच्या भिंतीवर, मेडिकलच्या काउंटरवर, कधी पेपरच्या घडीत. वर गुडघेदुखी, मणक्याचे विकार, अर्धशिशी, लकवा आणि खालच्या ओळीत बाळंतपणानंतरची कंबरदुखी, अंगावर दूध न येणं, सुटलेलं पोट. त्या खालच्या ओळीसाठी बाया येतात. काळीपिवळीत दाटीवाटीने बसून, लेकरू मांडीवर घेऊन, सोबत सासू नाहीतर नणंद. दिवसाची मजुरी बुडवून येतात. शिबिर मोफत असलं तरी पुढच्या सिटिंगचे पैसे मोजतात.

याबद्दल दोन मतं कानावर पडतात. डॉक्टर मंडळी म्हणतात, हे थोतांड आहे, बंद करा. शिबिरवाले म्हणतात, गोळी नाही, औषध नाही, साइड इफेक्ट नाही, चार दिवसांत फरक बघा. मला दोन्ही पटत नाहीत. सुयांनी बाळंतिणीचं दुखणं हलकं होत असेल तर तो उपचार तिला मिळाला पाहिजे, सरकारी दवाखान्यात आणि फुकट मिळाला पाहिजे. मात्र तिच्या अंगाला पहिली सुई लागण्याआधी कुणीतरी तिचा बीपी मोजलेला असावा, रक्त तपासलेलं असावं, पोट आणि छाती हाताने चाचपून पाहिलेली असावी. आज हा क्रम उलटतो, कारण खेड्यात दीड महिन्यानंतर बाळंतिणीला तपासणारं कुणी उरत नाही.

बाया तिकडे का वळतात हे आधी समजून घेऊ. बाळंतपणानंतर बाईचं काय काय दुखतं हे मोजण्याचं काम आपल्या विदर्भातच झालं आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. पुढे याच संस्थेने ३९ गावांतल्या ७७२ बायांच्या बाळंतपणांवर घरोघरी जाऊन लक्ष ठेवलं. २००४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतरच्या काळात सुमारे ४३ टक्के बायांना काही तरी दुखणं झालेलं दिसलं. स्तनांचा त्रास १८ टक्के बायांना, उशिराने झालेला रक्तस्राव १५ टक्क्यांना, जंतुसंसर्ग १० टक्क्यांना. ती घरच्या बाळंतपणांची गोष्ट. आता महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि चारातलं एक सिझेरियन असतं, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. बाई वाचते, लेकरू वाचतं, हा फार मोठा पल्ला आपण गाठला. पण टाके घेऊन, कधी सोबत कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही उरकून घरी आलेल्या त्या बाईचं पुढे काय होतं, याची नोंद कुठे राहते?

आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जाण्याची पद्धतही गडचिरोलीच्याच कामातून देशभर गेली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळीसाव्या दिवशी आशाताईने जायचं असतं. ती भेट जवळून पाहण्यासारखी असते. पिशवीतून काटा निघतो, बाळाला झोळीत घालून लटकवतात, आकडा स्थिर होईपर्यंत घरातली सगळी श्वास धरून असतात. मग थर्मामीटर बाळाच्या काखेत. मग फॉर्म. त्यात आईसाठीही प्रश्न आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत: दिवसातून किती वेळा पोटभर जेवली, किती घड्या बदलाव्या लागतात, ताप आहे का, वास येणारा स्राव आहे का, स्तन दुखतात का, चिरा पडल्यात का. कंबर धरली आहे का, टाक्याच्या बाजूने उठता येतं का, शिंकताना लघवी सुटते का, हे मात्र फॉर्म विचारत नाही. बेचाळीसाव्या दिवशी ही फेरी संपते. तिसऱ्या महिन्यापासून आशाताई पुन्हा येते खरी, पण ती बाळाची वाढ बघायला.

म्हणून चौथ्या महिन्यात वाकता न येणारी बाई कुणाच्याच वहीत नसते. एक बाई मला म्हणाली, “दवाखान्यात गेलं त गोया देतेत न् जा म्हनतेत. हा मानूस निदान कुठी दुखते ते त इचारते.” तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. तिच्या दुखण्याला कुणीतरी दुखणं मानलं, एवढ्यासाठी ती पैसे मोजायला तयार झाली.

आता सुयांबद्दल. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते, इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक, आणि तिच्यातून कुठलंही औषध अंगात जात नाही. गुडघ्याखाली, घोट्याच्या वर, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात अशा ठरलेल्या जागी ती वीस-तीस मिनिटं ठेवतात. चिनी वैद्यक म्हणतं की तिने ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीचा अडलेला प्रवाह मोकळा होतो. आजचे संशोधक म्हणतात की तिथल्या मज्जातंतूंना चेतना मिळून मेंदूत आणि मज्जारज्जूत वेदना दाबणारी एंडॉर्फिनसारखी द्रव्यं स्रवतात. या विद्येशी आपला संबंध नवा नाही. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते, हे नागपुरातसुद्धा फारसं कुणी सांगत नाही. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले आणि १९५९च्या सुमारास ॲक्युपंक्चर शिकून भारतात परतले. इथल्या आधुनिक ॲक्युपंक्चरची सुरुवात तिथून धरतात.

उपयोग होतो का? काही बाबतीत होतो, असं म्हणायला आधार आहे. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डच्या विद्यापीठ रुग्णालयात सिझेरियन झालेल्या १८० बायांवर प्रयोग झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ज्यांना सुया लावल्या, त्यांना पहिल्या दिवशी हालचाल करताना कमी दुखलं आणि त्या लवकर उठून चालू लागल्या. नुसती औषधं घेणाऱ्या बायांशी तुलना करून हे पाहिलं होतं. ही लहान गोष्ट नाही. सिझेरियननंतर बाई जितकी लवकर पाय टाकते तितका शिरेत गुठळी होण्याचा धोका कमी. पण इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. कुठला उपचार सरकारी खर्चाने द्यायचा हे ती पुरावा तपासून सांगते. २०१६ साली तिने कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं. २०२१ साली तिनेच, तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने उलगडा न होणाऱ्या दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरचा विचार करायला हरकत नाही असं म्हटलं. तेही एकच कोर्स, आणि उपचार करणाऱ्याचे सगळे मिळून जास्तीत जास्त पाच तास. दुसऱ्या आजाराने उलगडा न होणाऱ्या, ही अट पुन्हा वाचा. म्हणजे आधी आजार शोधायचा. शोधून सापडला नाही, तर सुई.

दूध वाढतं या दाव्याला मला फारसा आधार दिसत नाही. दूध वाढतं ते बाळ नीट धरून वारंवार पाजल्याने आणि आईच्या पोटात पुरेसं अन्न-पाणी गेल्याने. आणि सुयांनी सुटलेलं पोट आत जातं, ही तर सरळ फसवणूक आहे. बाळंतपणाच्या वेळी किलोभर वजनाचं झालेलं गर्भाशय सहा आठवड्यांत आपोआप शंभर ग्रॅमच्या आत येतं. ताणून दुभंगलेल्या पोटाच्या स्नायूंना महिने लागतात आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम लागतो.

माझी खरी भीती वेगळीच आहे. बाळंतपणानंतरच्या दुखण्याला बहुतेकदा साधं कारण असतं. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, पोटाचा आधार गेलेला असतो, वाकून पाजून पाठ आखडते. (पुष्कळ बाया मणक्यात दिलेल्या भुलीच्या सुईला बोल लावतात. त्या सुईने कायमची कंबरदुखी लागते असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.) पण कधी कधी तेच दुखणं इशारा असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी वाढू शकतं आणि त्याची पहिली खूण नुसती डोकेदुखी असू शकते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. कंबरेत कळ आणि थंडी वाजून ताप म्हणजे मूत्रपिंडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग असू शकतो. विदर्भात यात आणखी एक भर आहे, सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार. गोंदिया-गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत हा आजार घराघरांत आहे, आणि बाळंतपणानंतरचे दिवस सिकलसेलच्या बाईसाठी सगळ्यांत जोखमीच्या दिवसांपैकी असतात. तिची पाठ, छाती, मांड्या ठणकायला लागल्या तर तो सिकलसेलचा क्रायसिस, म्हणजे आजार अचानक उसळल्याचा झटका असू शकतो. तिला तेव्हा सलाईन, ऑक्सिजन आणि दवाखान्यातली खाट लागते. शिबिराच्या सतरंजीवर गेलेला एक दिवस तिला फार महागात पडतो.

मी पाहिलेली एक बाळंतीण सांगते. विशीतली पोर, पहिलटकरीण, माहेरी आलेली. उजवा स्तन लालबुंद, हात लावू देईना, ब्लाऊजची हुकं उघडी ठेवूनच बसलेली. बाळाला फक्त डावीकडे पाजत होती. आईचं म्हणणं, दूध अडकलं आहे, सुयांनी मोकळं होईल. म्हणून तालुक्याला नेऊन आणलेली. हातापायांना सुया लागल्या, थोडं बरं वाटलं असं तीही म्हणाली. उपकेंद्राच्या सिस्टरने हाताची उलटी बाजू स्तनावर ठेवली, मग दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिलं. बोटांखाली पू हलला. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पू काढला आणि त्या रात्री ती पोर कितीतरी दिवसांनी झोपली. सुयांनी तिचं काही बिघडवलं असं मी म्हणणार नाही. तिला बरं वाटलं, म्हणून आणखी काही दिवस घरीच काढले, एवढंच झालं. आणि तेवढंही पुरेसं वाईट होतं. ज्याने सुया लावल्या त्याने तो स्तन उघडून पाहिलाच नव्हता.

चीनबद्दल एक गोष्ट शिबिरांत कुणी सांगत नाही. तिथे बाळंतिणीने ‘महिना बसायचा’ अशी जुनी चाल आहे. महिनाभर घराबाहेर नाही, गार पाण्यात हात नाही, आल्याचं, गरम, पौष्टिक खाणं, आणि घरातल्या मोठ्या बाईची सेवा. आपल्या दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीची वाळलेली पानं पेटवून सुईच्या जागांना शेकही देतात. आपल्या बाजेखालच्या शेगडीशी आणि ओवा-शेपांच्या धुरीशी याचं नातं लगेच कळतं. म्हणजे ज्या मुलखातून सुया आल्या, तिथे त्या महिनाभराच्या विसाव्यात दिल्या जायच्या. आपण सुया तेवढ्या उचलतो आहोत आणि आपला स्वतःचा सव्वा महिना हातातून सोडतो आहोत.

त्या सव्वा महिन्याचे मी उगाच गोडवे गात नाही. कोंडलेल्या खोलीतला धूर बाळाच्या छातीला वाईट, आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, वरण-भाजी बंद करायची ही रीत तर घातक आहे. पण डिंक-मेथीचे लाडू, अंगाला तेल, दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण आणि मुख्य म्हणजे वावरात न जाण्याची मुभा, यात शहाणपण होतं. ती मुभा आता किती जणींना मिळते? दिवाळीच्या आसपास बाळंत झालेली मजूर बाई कापूस वेचणीच्या भर हंगामात घरी बसू शकत नाही. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. कंबरेला फडकं बांधून, तासामागून तास वाकत, पुढे पोटाशी कापसाचं ओझं वाढत जातं, आणि बांधावरच्या झाडाला झोळीत लेकरू. तिकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत हेच हाल धानाच्या रोवणीत, तेही घोटाभर चिखलात. कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईला कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि ती असायलाच हवी. वेचणीला जाणाऱ्या बाईला पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. तिच्या कंबरेवर सुया लावून तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचणीला धाडणं, याला मी उपचार म्हणायला तयार नाही.

त्यात अंगात रक्त नाही. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आहे. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते, पण घरी गेल्यावर ती गोळी फडताळात राहते. कारण बाळ पोटात नाही, आता कशाला, अशी समजूत. जिचं हिमोग्लोबिन सात-आठवर आहे तिला थकवा, धाप, अंगदुखी असणारच. तिला आधी लोह द्या, गरज पडली तर शिरेतून द्या. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून बाळंतिणीला एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते यवतमाळ-वाशिमच्या बिगरआदिवासी गावांत का मिळू नये, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मग सुयांचं करायचं काय? बंदी घालून काही होणार नाही, आणि घालूही नये. केंद्र सरकारने २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. तेव्हा शिबिरात जाणाऱ्या घराने पहिली गोष्ट मागावी ती नोंदणी क्रमांक. दुसरी, सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलं जातंय का, आणि वापरलेली सुई टोचून फुटणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जातेय का, हे डोळ्यांनी बघावं. एकाची सुई दुसऱ्याला लावणं म्हणजे कावीळ आणि एचआयव्हीला दार उघडणं आहे. आणि ज्याने सुई लावण्याआधी बाळंतपण कधी झालं, कसं झालं, अंगावरून किती जातं, सिकलसेल आहे का, हे विचारलं नाही, त्याच्यासमोरून सरळ उठून यावं. घरचे वैतागले तरी उठून यावं.

पण सगळा भार घरावर टाकून कसं चालेल? ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस बाळंतिणींच्या दुखण्यासाठी ठेवता येईल. डॉक्टर तपासतील, फिजिओथेरपिस्ट व्यायाम दाखवेल, आणि तपासून काही गंभीर न निघालेल्या बाईला हवं असेल तर नोंदणी असलेला ॲक्युपंक्चर चिकित्सक तिथेच, त्याच छताखाली सुया लावेल. काय गुण आला याची नोंद राहील. सेवाग्रामसारखं वैद्यकीय महाविद्यालय वर्ध्याच्या उंबऱ्यावर आहे. या नोंदींचा अभ्यास तिथून झाला तर विदर्भातल्या बाईच्या कंबरेबद्दल जर्मनीतला आकडा देण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.

आणि तिला शोधायला कुठे जायची गरज नाही. बाळाची दीड महिन्याची लस द्यायला ती अंगणवाडीत येतेच. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आहे की सहाव्या आठवड्यात आईची एक तपासणी झालीच पाहिजे. सिस्टर तिथे आहे, बीपीचं मशीन तिथे आहे, हिमोग्लोबिन बोटाच्या थेंबावर कळतं. बाळाला लस टोचून झाली की आईला बाजूला घ्यायचं, पोट, स्तन, टाके बघायचे, अंग बाहेर येतं का विचारायचं, कंबरेवर हात ठेवून कुठं दुखतं ते विचारायचं. लागलं तर त्या आठवड्याच्या बाळंतीण-दिवसाची चिठ्ठी तिथेच हातात द्यायची. यासाठी अंगणवाडीत एक खाट आणि एक पडदा हवा. बऱ्याच गावांत दोन्ही नाहीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. खाट आणि पडदा त्यात सहज बसतो, आणि हा ठराव पुढच्या महिलासभेत गावातली कुठलीही बाई मांडू शकते.